ग्रानादा प्रांतात गाडीशिवाय पायी भटकंती: बसने पोहोचता येतील अशा वाटा कोणत्या?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी पत्नी तीन आठवड्यांसाठी स्पेनमधील ग्रानादा येथे जाणार आहोत. आमची मुलगी तेथील विद्यापीठात संशोधन करते. सोमवार ते शुक्रवार ती प्रयोगशाळेत असेल आणि आम्ही दोघे मोकळे असू. आम्ही साठीच्या जवळ आलो असलो तरी चालण्याची सवय सुटलेली नाही. रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायचे आणि मसाई पठारावर चालून संध्याकाळी परतायचे, हा आमचा अनेक वर्षांचा नेम आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही वाटही आम्ही चार वेळा केली आहे.

अडचण वाहनाची आहे. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसताना परक्या देशातील घाटरस्त्यावर प्रयोग करण्याची माझी तयारी नाही. मुलीचे सहकारी मात्र सांगतात की गाडी भाड्याने घेतल्याखेरीज सिएरा नेवादाच्या डोंगरांत फिरता येत नाही. हे कितपत खरे आहे? सार्वजनिक वाहनाने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशा वाटा तेथे आहेत का? पत्नीच्या गुडघ्यांना चढण सोसते, पण लांब उतरण सोसत नाही आणि ती शाकाहारी आहे, हेही कृपया ध्यानात घ्यावे.

पायवाट

नमस्कार काका. मी मूळची कोल्हापूरचीच आहे. नोकरीनिमित्त दोन वर्षे ग्रानादा शहरात राहिले आणि त्या काळात माझ्याकडेही गाडी नव्हती. मुलीच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला जिथे गाडी लावली तिथेच परत यावे लागते, म्हणून तो बहुधा गोल फेरी मारतो किंवा आल्या वाटेने फिरतो. बसने जाणारा मात्र एका गावात उतरून दुसऱ्या गावापर्यंत चालू शकतो आणि तेथून बस पकडू शकतो. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालेला माणूस परत पन्हाळ्याला चालत येत नाही, तसेच हे आहे.

आपल्यासाठी सर्वांत योग्य प्रदेश म्हणजे सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरील आल्पुहारा. ग्रानादाच्या मुख्य बसस्थानकावरून आल्सा कंपनीच्या बस लान्हारोन आणि ओर्हिवा या गावांवरून पोकेइरा दरीतल्या तीन गावांना जातात. बसस्थानक शहराच्या मध्यभागापासून दूर आहे, परंतु 2017 मध्ये सुरू झालेली मेट्रो त्याच्या दारात थांबते. दरीत सर्वांत खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन आणि वर कापिलेइरा अशी गावांची मांडणी आहे. पाम्पानेइरा सुमारे 1060 मीटरवर आहे, तर कापिलेइरा सुमारे 1440 मीटरवर. तिन्ही गावांना जोडणारी जुनी पाऊलवाट जेमतेम चार किलोमीटरची असेल. बरेच लोक कापिलेइराला उतरून खाली चालत येतात. आपण उलट करावे: पाम्पानेइराला उतरावे, सावकाश चढत कापिलेइरा गाठावे आणि परतीची बस तेथूनच घ्यावी. त्यामुळे काकूंच्या वाट्याला उतरण जवळजवळ येणारच नाही.

ही गावे पाहताना आपल्याला एक ओळखीची गोष्ट दिसेल. घरे चुन्याने पांढरी केलेली असली तरी छपरे सपाट आहेत. लाकडी तुळया, त्यांवर दगडाच्या फरश्या आणि त्यांवर लाउना नावाच्या करड्या मातीचा थर, म्हणजे आपल्याकडच्या धाब्याच्या घरांसारखीच ही रचना आहे. ओली झाली की ही माती घट्ट बसते आणि पाणी आत झिरपू देत नाही. उत्तर आफ्रिकेतील ॲटलास पर्वतातही अशीच घरे आढळतात, कारण 1492 मध्ये ग्रानादाचे राज्य पडल्यानंतरही मुसलमान शेतकरी या डोंगरांत अनेक दशके राहत होते. त्यांच्या वंशजांनी 1568 मध्ये येथेच मोठे बंड केले आणि ते मोडल्यावर त्यांना येथून हलवण्यात आले.

दुसऱ्या दिवसासाठी बुबिओन ते पित्रेस ही वाट घ्यावी. ती जी.आर. 7 या लांब पल्ल्याच्या मार्गाचा भाग आहे आणि तिच्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. दोन पट्ट्या समांतर असतील तर वाट बरोबर आहे. त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदत असतील तर तो फाटा आपला नव्हे. पित्रेसलाही बस येते. ऑक्टोबरच्या अखेरीस या भागातील चेस्टनटची झाडे पिवळी पडू लागतात, तो काळ मला फार प्रिय होता.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. या बस दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून दिवसाची आखणी नेहमी शेवटच्या परतीच्या बसपासून मागे करत यावी. वेळापत्रकात ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘दोमिंगोस इ फेस्तिवोस’ म्हणजे रविवार व सुट्ट्या, असे वेगळे रकाने असतात. मी एकदा चुकीचा रकाना वाचून ओर्हिवाला साडेतीन तास बसून राहिले होते. 12 ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिन आहे. तो सोमवारी आला काय आणि गुरुवारी आला काय, त्या दिवशी सुट्टीचा रकानाच पाहावा.

घाटमाथा

शहराजवळ अर्ध्या दिवसाची वाट हवी असेल, तर मोनाचिलच्या लोस काओर्रोस या घळीचा विचार करावा. ग्रानादाहून मोनाचिल गावापर्यंत स्थानिक बस जाते आणि तेथून चालतच घळीत शिरता येते. मोनाचिल नदीवर झुलते पूल आहेत, त्यांतील सर्वांत लांब 63 मीटरचा आहे. पुढे एका ठिकाणी कातळ वाटेवर इतका झुकलेला आहे की वाकून, भिंतीतील लोखंडी कड्या धरून सरकावे लागते. पाठीवर मोठी सॅक नको. शनिवार-रविवारी पुलांवर रांगा लागतात, म्हणून आपण मधल्या वारीच जावे.

पाटकरी

पायवाट यांनी पोकेइराबद्दल लिहिलेले सर्व योग्य आहे. फक्त एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. कापिलेइराला पोहोचल्यावर लगेच बसची वाट पाहत थांबू नये. दिवसाचा खरा आनंद गावाच्या वरच्या पाटांच्या काठी आहे, म्हणून पहिल्या बसने जाऊन तेथे दोन तास तरी राखून ठेवावेत.

मी पाटबंधारे खात्यात काम केले आहे, म्हणून या विषयावर थोडे अधिक लिहितो. तेथे पाटाला आसेकिया म्हणतात आणि हा शब्द अरबीतून आला आहे. सिएरा नेवादात हे पाट मध्ययुगापासून वापरात आहेत. त्यांतील काही पाट केवळ शेतापर्यंत पाणी नेण्यासाठी नाहीत. वसंतात बर्फ वितळते तेव्हा हे पाणी डोंगराच्या अंगावरून आडवे नेले जाते आणि जिथे जमीन सच्छिद्र आहे तिथे मुद्दाम मुरू दिले जाते. तेच पाणी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. या पद्धतीला ते कारेओ म्हणतात आणि पाणी पेरणे असाही शब्दप्रयोग करतात. आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यानंतर फळ्या घालून नदीचे पाणी पात्रात अडवतो. तेथे धरण किंवा तलाव न बांधता संपूर्ण डोंगराचाच साठा केला आहे. गावाने नेमलेला एक माणूस पाण्याच्या पाळ्या सांभाळतो, अगदी आपल्या पाटकऱ्यासारखा. ऑक्टोबरमध्ये कारेओचा हंगाम संपलेला असेल आणि काही पाट कोरडे दिसतील, पण बांधणी पाहण्यासाठी कोरडा पाटच बरा.

शहरातही हा विषय पाहता येतो. अल्हाम्ब्रा राजवाड्याला पाणी पुरवण्यासाठी तेराव्या शतकात दार्रो नदीतून सुमारे सहा किलोमीटरचा शाही पाट काढण्यात आला. राजवाड्याच्या मागील टेकड्यांवर चालताना या जुन्या जलव्यवस्थेचे अवशेष दिसतात. या फेरीला बसची गरज नाही, त्यामुळे ज्या दिवशी बसचे गणित जमणार नाही त्या दिवशी ती करावी.

पंचगंगाकाठ

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पाणी मुरवण्याची माहिती वाचून पत्नीने तो दिवस आधीच पक्का केला आहे. आणखी दोन शंका आहेत. मुलासेन शिखर आम्हांला झेपेल का? आणि शाकाहारी जेवणाचे काय?

पायवाट

मुलासेन 3479 मीटर उंच आहे आणि इबेरियन द्वीपकल्पात त्याहून उंच काही नाही. कापिलेइराहून राष्ट्रीय उद्यानाची लहान बस साधारण 2700 मीटरपर्यंत नेते. ती उन्हाळ्यात सुरू होते आणि हवामान साथ देईल तोवर ऑक्टोबरपर्यंत चालते. जागा आधी राखून ठेवावी लागते. बसमधून उतरल्यावरही जवळजवळ 800 मीटर चढून तेवढेच उतरायचे असते आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी तीच उतरण मला योग्य वाटत नाही. शिवाय कळसूबाई 1646 मीटरची आहे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर धाप वेगळीच लागते. हवा स्वच्छ असेल तर त्याच बसने वर जाऊन थांब्याच्या आसपास सपाटीवर तासभर चालावे आणि परतीच्या फेरीने खाली यावे. मात्र परतीच्या फेरीची जागाही आरक्षण करतानाच निश्चित करावी.

जेवणाबाबत सांगायचे तर आल्पुहारातील प्रसिद्ध थाळीत मांस असते आणि त्रेवेलेस हे गाव तर हामोनसाठीच, म्हणजे डुकराच्या सुकवलेल्या मांसासाठीच ओळखले जाते. केवळ ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी हामोनचे बारीक तुकडे मांसात मोडत नाहीत. ‘सिन कार्ने नि हामोन’ असे पूर्ण सांगावे. उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी बहुतेक ठिकाणी मिळतात आणि कोल्हापूरच्या माणसाला काकवी परकी वाटणार नाही. काकू अंडी खात असतील तर बटाट्याचे ऑम्लेटही सर्वत्र असते. दुपारचे जेवण दीडच्या आधी क्वचितच मिळते, म्हणून सकाळी निघताना डब्यात चपाती-भाजी असू द्यावी.

घाटमाथा

एक भर घालतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तेथे सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड असतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे होतात आणि त्यानंतर सहा वाजून गेले की लवकरच अंधार पडतो. आपला मुक्काम त्या रविवारपुढे जात असेल, तर लांबच्या वाटा आधीच्या आठवड्यांत उरकून घ्याव्यात आणि बॅटरी सॅकमध्ये असू द्यावी.