रोमला रोमपण दिलं ते एट्रुस्कनांनीच, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या त्या प्राचीन शेजाऱ्यांनी. पटतंय का?

शेजारी_पाजारी:
मत मांडतो, मग हाणा. आपण उगाच रोम वसवणाऱ्या रोम्युलस-रेमस या जुळ्या भावांच्या गोष्टीत रमतो. परंपरेप्रमाणे रोमच्या शेवटच्या तीन राजांपैकी दोघं टार्क्विनिया या एट्रुस्कन शहरातून आलेल्या टार्क्विन घराण्यातले, इ.स.पू. ६१६ ते ५०९ हा काळ धरा, त्यातच फोरमची, म्हणजे रोमच्या मुख्य चौकाची, दलदल उपसली, क्लोआका मॅक्झिमा हा नाला खणला, कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ उभं राहिलं आणि आतली मूर्ती घडवायला बोलावलं कोणाला तर वेई या एट्रुस्कन शहरातल्या वुल्का नावाच्या मूर्तिकाराला. (खाली कॅपिटोलच्या लांडगीचा, म्हणजे त्या प्रसिद्ध ब्राँझच्या पुतळ्याचा, फोटो टाकलाय, तीपण त्यांचीच.)

खडूस_काका:
अहो रोमन इतिहासकार लिव्ही वाचा की. पहिल्या टार्क्विनचा बाप डेमारॅटस कॉरिंथहून आलेला ग्रीक होता, म्हणजे तुमचा एट्रुस्कन राजा बापाकडून ग्रीकच. आणि बाहेरचा एक माणूस येऊन राजा झाला म्हणजे त्याच्या गावाने रोम जिंकलं असं होत नाही. फोरममध्ये १८९९ साली काळ्या फरशीखाली दगड सापडला, इ.स.पू. ६व्या शतकातला, त्यावर 'राजाला' या अर्थी 'रेकेई' कोरलंय. चक्क लॅटिन. राज्य एट्रुस्कनांचं आणि पाटी लॅटिनमध्ये, कसं काय बुवा?

शेजारी_पाजारी:
काका, स्वतःच्याच दगडाला ठेचकाळलात 😄 तो शब्द बोलताना 'रेगेई', 'रेक्स'चं रूप. मग ग च्या जागी क चं अक्षर का? कारण ग्रीकांचं ग चं अक्षर गॅमा रोमला पोचलं तो एट्रुस्कनांच्या हातून, आणि त्यांच्या भाषेत ग हा उच्चारच नव्हता म्हणून त्यांनी ते अक्षर क ला लावलं. रोमनांनी त्या एका 'सी'वर बरीच वर्षं दोन्ही भागवलं, पुढे त्यालाच शेपूट काढून 'जी' केला, तरी गायस नावाचं लघुरूप 'सी'च राहिलं.

कलेजी_फ्राय:
धर्माचं कोणीच बोलेना. उत्तर इटलीतल्या पिआचेन्झाजवळ १८७७ साली एट्रुस्कनांची मेंढीच्या कलेजीची ब्राँझची प्रतिकृती सापडली, तळहातावर मावेल एवढी, वर रेघा मारून कप्पे पाडलेत आणि कप्प्याकप्प्यात देवांची नावं. बळीच्या कलेजीवर खूण कुठल्या कप्प्यात येते ते बघून कौल सांगायचा. काही विपरीत घडलं की रोमन सिनेट हे एट्रुस्कन कलेजीवाले बोलावून घ्यायची, तेही इ.स.पू. ३९६ मध्ये वेई घशात घातल्यानंतर कित्येक शतकं. गाव लुटलं, गुरव ठेवला.

खडूस_काका:
लिपीचं मान्य, जा. पण गुरव बाहेरचा आणला म्हणून गाव त्याचं होत नाही. वेईला वेढा पडला तेव्हा बाकीची एट्रुस्कन शहरं मदतीला आली नाहीत, लिव्हीच सांगतो. रोमने मात्र हरलेल्या गावांना आपल्यात ओढून त्यांचीच पोरं पुढच्या लढाईला नेली, ही अक्कल कोणी शिकवली ते सांगा की. शिवाय क्लोआका आधी उघडा नाला होता, वरची कमान नंतरची. आणि तो लांडगीचा फोटो काढा आधी, कार्बन डेटिंगमध्ये ती इसवी सनाच्या ११व्या-१२व्या शतकातली निघालीय.

शेजारी_पाजारी:
बरं, लांडगी काढली. नाला राहू दे, उघडा असला तरी पाणी वाहत होतं ना.