देणे आधी, सण नंतर

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला (चर्चला) नियमित दिला की देव कर्जातून आपोआप सोडवील, असे एका बंधूंनी लिहिले आहे. त्यांच्या श्रद्धेविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला त्यात भर घालावीशी वाटते. बायबलमधील २ राजे, अध्याय ४ मधील कर्जबाजारी विधवेच्या घरी तेल वाढले ते देवाच्या कृपेने; पण अलीशा संदेष्ट्याने तिला ते विकून आधी देणे फेडण्यास आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करण्यास सांगितले. हा क्रम आपण फार सहज विसरतो.

आपल्या नंदुरबार-शहाद्याकडे कापसाचा पैसा हाती येतो तोच नाताळाच्या तोंडावर, आणि मंडप, नवे कपडे, पाहुणचार यांत तो संपला की सावकाराचे व्याज तसेच चालू राहते. महिना शेकडा पाच दराने घेतलेल्या २०,००० रुपयांवर वर्षाला १२,००० रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल जागचे हलत नाही. म्हणून बचत गटाचा हप्ता वेळेवर भरून उरलेली रक्कम प्रथम या मुद्दलात घालावी आणि प्रत्येक भरण्याची पावती मागून घ्यावी. सावकाराकडे परवानाच नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळण्याचीही त्यात तरतूद आहे. अशी तक्रार विश्वासणाऱ्याला शोभत नाही, हे मला मुळीच मान्य नाही.

मंडळीच्या वडीलजनांना माझी कळकळीची विनंती आहे की, कर्जात असलेल्या कुटुंबाकडून यंदा सणाची वर्गणी मागू नये.