म्यूझस्कोअर ४ मध्ये मंद्र कोमल नी कसा लिहायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. म्यूझस्कोअर या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोल्हापुरात गायक, तबला, आल्टो सॅक्सोफोन आणि डबल बास यांच्यासाठी मालकंस रागातली झपतालाची (१० मात्रा) बंदिश लिहून काढतोय. वर स्टाफ (पाश्चात्त्य पाच रेघांचं लेखन), खाली लिरिक्सच्या ओळीत देवनागरी स्वर, भातखंडे पद्धतीने (कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली बिंदू).

षड्ज (सा) काळी एक, म्हणजे सी शार्प. मूळ स्कोअर सी शार्प मायनरमध्ये, ४ शार्प. सॅक्सचा लिहिलेला सूर आणि वाजणारा सूर वेगळा असतो, त्यामुळे त्याच्या पार्टला मात्र ए शार्प मायनर, म्हणजे ७ शार्प येतात. त्या वाद्याला फ्लॅट वापरायला सांगितलं की बी फ्लॅट मायनर, ५ फ्लॅट. हे जमलंय.

अडचण स्वरलिपीत आहे. कोमलाची आडवी रेघ युनिकोडच्या अनुदात्त चिन्हाने (०९५२) नीट येते: ग॒, ध॒, नि॒. मंद्राचा बिंदू नुक्त्याने (अक्षराखालच्या टिंबाने) देतो. नुक्ता व्यंजनानंतर लगेच, वेलांटीच्या आधी टाइप करावा लागतो, नाहीतर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पण मंद्र कोमल नी-धमध्ये बिंदू आणि रेघ एकमेकांवर चढतात, आणि छापल्यावर बिंदू दिसतच नाही. मालकंसात हे स्वर पावलोपावली येतात, त्यामुळे सोडून देता येत नाही.

दोन्ही चिन्हं वेगळी ठेवणारा फॉन्ट कुणी वापरलाय का? की बिंदूसाठी दुसरी लिरिक्स ओळ घ्यावी?

आणखी एक. १०/४ चा एकच बार करून आत २-३-२-३ च्या तुटक रेघा द्याव्यात, की विभागागणिक वेगळा बार? मला पहिलं पटतं, सम (तालाची पहिली मात्रा) लगेच सापडते. पण जॅझ वाजवणाऱ्यांना वाचायला काय सोपं जातं, ते अनुभवी लोकांनी सांगावं.