प्रत्येक बाणानंतर चूक सांगावी की गप्प बसावे?

कोरेगावचे क्रीडाशिक्षक यांचा प्रश्न:

मी कोरेगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या) प्रकारातील वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडे धनुर्विद्या शिकायची म्हणणाऱ्या मुली वाढल्या असून सध्या चौदा जणी शाळा सुटल्यावर सरावाला थांबतात. माझी शिकवण्याची रीत अशी की, बाण सुटताच मी बोलतो: कोपर खाली गेले, हनुवटीवरचा अँकर (दोरी ओढल्यावर हात टेकवण्याची जागा) सुटला, रिलीज (दोरी सोडणे) झटक्याने झाला. मी शेजारी उभा असताना त्यांचे ग्रुपिंग, म्हणजे बाण एकमेकांजवळ लागणे, पाहण्यासारखे असते. मात्र गेल्या महिन्यातील स्पर्धेत मला दोरीच्या मागे उभे राहावे लागले आणि त्याच मुलींचे बाण सगळीकडे विखुरले. एक मुलगी तर प्रत्येक बाणानंतर लक्ष्याकडे न बघता मागे वळून माझ्याकडे बघत होती.

दुसरी अडचण उत्तेजनाची आहे. शाळेचे एक हितचिंतक पिवळ्या वर्तुळात लागलेल्या प्रत्येक बाणामागे दहा रुपये द्यायला तयार आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे करावे की नाही, याबद्दल माझे मन साशंक आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट:

सर, त्या वळून बघणाऱ्या मुलीपासूनच सुरुवात करते. अर्धांगवायूनंतर कप उचलायला नव्याने शिकणारे माझे रुग्णही असेच दर खेपेला माझ्या चेहऱ्याकडे बघतात, आणि त्यात दोष बहुतेक वेळा माझ्या बडबडीचा असतो.

शिकणाऱ्याला बाहेरून दोन प्रकारची माहिती मिळू शकते. एक परिणामाची, म्हणजे बाण कुठे लागला याची, आणि दुसरी हालचालीची, म्हणजे तो सोडताना कोपर कुठे होते याची. याखेरीज स्नायू आणि सांधे आतून जी जाणीव देत असतात ती वेगळीच, आणि स्पर्धेच्या दिवशी हालचालीबद्दल सांगणारे तेवढेच एक उरते. बाण सुटल्याबरोबर तुमचे उत्तर तयार असेल, तर मुलीला त्या आतल्या जाणिवेकडे लक्ष देण्याचे कारणच राहत नाही.

या प्रश्नावर साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. वारंवार माहिती दिल्याने सराव चालू असतानाची कामगिरी सुधारते, परंतु ती माहिती काढून घेऊन नंतर चाचणी घेतली की तेच शिकणारे मागे पडू शकतात, असे त्यांनी दाखवून दिले. विनस्टाइन आणि श्मिट यांनी १९९० साली याचीच पुढे तपासणी केली. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर माहिती मिळत होती, तर दुसऱ्याला सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी करत सरासरी निम्म्याच प्रयत्नांनंतर. सरावात दोन्ही गट जवळपास सारखे दिसले, पण नंतर माहिती न देता घेतलेल्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. म्हणून शनिवारचे ग्रुपिंग पाहून मुली शिकल्या असे समजू नका. सोमवारी, तुम्ही तोंड उघडण्यापूर्वीचे पहिले सहा बाण मोजा.

करण्यासारखे सांगायचे तर, बाण सुटल्यावर चार-पाच सेकंद थांबा, तिने दुर्बिणीतून बघण्याआधी तिलाच विचारा की बाण कुठे लागला असेल आणि का, आणि मगच गरज असेल तर बोला. चूक एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच बोलायचे, असाही नियम करता येतो. आठवड्यातून एखादा दिवस टार्गेट पेपर काढून टाकून चार-पाच मीटरवरून कोऱ्या बटावर (ज्यावर पेपर लावतात त्या जाड फळीवर) बाण मारू द्या. गुणांची चिंता नसली की हाताचे काय चालले आहे, हे त्यांना कळू लागते. मात्र अगदी नवख्या मुलीला हे सारे लागू करू नका, आणि सुरक्षिततेची चूक तर त्याच क्षणी सांगायलाच हवी.

तंतुवाद्य कारागीर, मिरज:

वरच्या मॅडमनी सांगितलेले मला आमच्या कामातून पटते. आमच्या घरी तंबोरे बनतात. जवारी काढताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून, घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीने घासून तारेखालचा उतार जमवावा लागतो, आणि एखादा हात जास्त फिरला तर झंकार जातो तो जातोच. वडील कधीही 'आता थांब' म्हणत नसत. ते म्हणत, 'छेड आणि तूच सांग, कुठली तार मोकळी बोलत नाही?' मी चुकीची तार दाखवली तरी ते लगेच दुरुस्त करत नसत, पुन्हा छेडायला लावत. माझा कान असाच तयार झाला.

पण एक सांगतो. पहिल्या वर्षी मी दोन घोड्या पार वाया घालवल्या, आणि कानस धरण्याची माझी पद्धतच चुकीची होती हे वडिलांनी तेव्हा हात धरून दाखवले. नुसते गप्प बसले असते तर तिसरीही गेली असती. तेव्हा गप्प कधी बसायचे, हे गुरूला कळले पाहिजे.

मानसशास्त्राचे अध्यापक, सांगली:

मी उत्तेजनापुरते लिहितो. २००७ साली चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात न दिसणाऱ्या लक्ष्यावर धान्याच्या छोट्या पिशव्या फेकायच्या होत्या. दर सहा फेकींनंतर एका गटाला त्यांतील सर्वांत चांगल्या तीन फेकींची आणि दुसऱ्याला सर्वांत वाईट तीन फेकींची माहिती दिली गेली. चांगल्या फेकींबद्दल ऐकणारा गट नंतरच्या चाचणीत पुढे होता. दुरुस्तीची माहिती खरे तर दुसऱ्या गटाकडे जास्त होती, म्हणून हा निष्कर्ष लक्षवेधी ठरतो. पुढे वुल्फ आणि लेव्थवेट यांनी २०१६ साली जो सिद्धांत मांडला, त्यात यशाची अपेक्षा आणि स्वतः निवड करण्याची मोकळीक यांना कौशल्य शिकण्यात मोठे स्थान दिले आहे.

तथापि येथे थोडे हात राखून बोलावे असे मला वाटते. शिकणाऱ्याला निवड दिल्याने होणाऱ्या फायद्यावरील प्रयोगांचे २०२२ साली एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा बहुतेक प्रयोग लहान गटांवरचे असल्याचे आणि अनुकूल निकालच जास्त छापले गेल्याचे दिसून आले, आणि ही बाब हिशेबात घेतल्यावर फायदा नगण्य उरला. म्हणून वरच्या मॅडमनी सांगितलेल्या मुद्द्याइतक्या ठामपणे मी उत्तेजनाविषयी बोलणार नाही. तरीही सरांच्या तीनही वाक्यांत चूकच सांगितलेली आहे, हे त्यांनी पाहावे. 'शाबास' एवढेच म्हणण्यात फारसे काही नाही. 'हा बाण सुटला तेव्हा तुझा हात मागे सरळ गेला' असे म्हटले, तर त्यात माहितीही आहे आणि कौतुकही.

दहा रुपयांचे म्हणाल, तर लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ सालचा बालवाडीतील प्रयोग आठवतो. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेल्या मुलांचा पुढे चित्रे काढण्यातला स्वाभाविक रस कमी झाला, पण अचानक बक्षीस मिळालेल्यांचा तसा झाला नाही. त्यात कौशल्य मोजलेले नव्हते, आवड मोजली होती. पण शाळा सुटल्यावर स्वतःहून थांबणाऱ्या मुलींच्या बाबतीत आवड हीच तर मुख्य पुंजी आहे. त्या हितचिंतकांना नवीन बाण घेऊन द्यायला सांगा.

कोरेगावचे क्रीडाशिक्षक:

सर्वांचा आभारी आहे. दोन आठवडे बाण सुटल्यावर थांबून विचारू लागलो आहे. बहुतेकींचे अंदाज सुरुवातीला भलतेच होते, आता त्या निदान डावे-उजवे अचूक सांगतात. सोमवारचे पहिले सहा बाण मात्र अजून फारसे सुधारलेले नाहीत. एक अनपेक्षित गोष्टही घडली: मी बोलत नाही म्हणजे रागावलो आहे, असे तिघींना वाटले आणि एकीच्या आईने फोन करून तसे विचारले. हितचिंतकांनी बारा बाण देण्याचे कबूल केले आहे.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट:

सर, दोन आठवडे फार थोडे झाले, आणखी महिनाभर मोजत राहा. गप्प राहण्याचे कारण मुलींना आणि पालकांना आधीच सांगून टाका. ज्या बाणाबद्दल तुमचे मत हवे असेल, त्यानंतर हात वर करायचा असे ठरवा. त्याने नेम किती सुधारेल यावर सांगलीचे सर शंका घेतील आणि ती रास्तही आहे, पण तुम्ही रागावलेले नाही एवढे तरी त्यांना कळेल.