मदत हवी आहे : शहापूरकडच्या जमिनीत शेजाऱ्याचं कुंपण, 'बारा वर्षांचा कब्जा' आणि रात्री शिरणारे शिकारी

नमस्कार. मी ठाण्यात राहते. शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली भाताची खाचरं, वर वरकस माळ. खाचरं धाकटे काका करतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना आता माळ चढवत नाही. सातबाऱ्यावर वडील, दोन काका आणि आत्या अशी चार नावं आहेत, वाटप झालेलं नाही. इथे महसूल आणि कोर्टाची कामं जवळून पाहिलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आजोबांनी माळाचा एक तुकडा शेजारच्या घराला नाचणी-वरी करायला दिला होता. तोंडी. कागद केला नाही, खंड (जमीन कसण्याचा मोबदला) ठरवला नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडून वरीचे तांदूळ यायचे, आमच्याकडून फराळ जायचा. ती दोन्ही म्हातारी माणसं आता नाहीत. यंदा पावसाळ्यानंतर शेजाऱ्याच्या मुलाने सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली, तीही दिलेल्या तुकड्याभोवती नाही, तर आमच्या करवंदीच्या जाळीपर्यंत पुढे येऊन. हद्दीचा जुना दगड जागेवर नाही. काका विचारायला गेले तर म्हणाला, "बारा वर्षं कधीच झाली काका, आता कायद्यानं जागा आमची. जायचं तर जा कोर्टात." हा मुलगा काकांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तेव्हापासून काका माळाचा विषय काढला की उठून जातात. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून एजंट गावात चकरा मारतात, त्यामुळे हे आत्ताच का सुरू झालं ते कळतं. तरी त्या घराशी कायमचं वैर व्हावं असं आम्हाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. माळावरून रात्री शिकारी जातात. डोक्याला बॅटऱ्या, सोबत कुत्री, कधीकधी बार ऐकू येतो. काही आसपासचे असावेत, पण रस्त्याला शहरातल्या पासिंगच्या जीपही उभ्या असतात. जाळीतून ओढ्याकडे जाणारी जनावरांची एक वाट आहे. तिथे ऐनाच्या रोपाला बांधलेली फासकी सापडली. मोटरसायकलच्या क्लचची वायर, सरकती गाठ, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. रोपाची साल गोल सोलली गेली होती आणि वायरच्या पिळात काळे राठ केस अडकले होते. ते जनावर सुटलं की नेलं, कोण जाणे. एकदा चुलतभावाने दोघांना अडवलं तर उत्तर मिळालं, "ही आमची पिढ्यान्पिढ्यांची वाट आहे. तुमचं कुंपण कुठाय?"

आता प्रश्न. आजोबांनी विश्वासाने दिलेली जमीन बारा वर्षांनी खरंच हातची जाते का? कुंपण काढून टाकलं तर चालेल का? चौघांपैकी आत्या नाशिकला आणि मोठे काका बडोद्याला, मग सगळ्यांच्या सह्या लागतील का? आणि शिकाऱ्यांचं काय करायचं? खाजगी जमिनीत वनखातं येतं का? उद्या आमच्या जागेत फासकीत बिबट्या अडकला तर आम्हालाच धरतील, अशी भीती वडिलांना वाटते. चुलतभाऊ म्हणतो आपणही तार ओढू आणि रात्री करंट सोडू. मला ते मुळीच पटत नाही, पण तो ऐकत नाही.

वकील_कल्याण :
ताई, आधी घाबरणं थांबवा. गावोगावी 'बारा वर्षं' हा शब्द धमकीसारखा वापरतात, कायदा तेवढा सरळ नाही.

मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे, कब्जा मालकाविरुद्ध झाल्यापासून बारा वर्षांत मालकाने दावा लावला नाही तर कलम २७ नुसार त्याचा हक्क संपतो. सगळी मेख 'मालकाविरुद्ध' या शब्दात आहे. परवानगीने दिलेली जमीन कितीही वर्षं कसली तरी तो प्रतिकूल कब्जा होत नाही. "ही आता तुमची नाही, माझी आहे" असं मालकाला उघड कळेल असं वागणं सुरू झाल्यावर मोजणी सुरू होते. तुमच्या बाबतीत ते या कुंपणापासून झालं, असं तुम्ही ठाम म्हणू शकता. कब्जा कधी, कसा प्रतिकूल झाला आणि तो उघड व अखंड होता, हे सिद्ध करायचा बोजा त्याच्यावर आहे.

पण स्वस्थ बसू नका. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतिकूल कब्जावाला नुसता बचाव करतो असं नाही, तो स्वतः दावाही लावू शकतो. त्याच न्यायालयाने २००८ मध्ये हा कायदाच अन्यायकारक वाटतो, सरकारने फेरविचार करावा, असं सुचवलं होतं. २०२३ मध्ये विधी आयोगाने बदलाची गरज नाही असा अहवाल दिला. म्हणजे तरतूद जागेवर आहे.

करवंदीपर्यंतचं अतिक्रमण ताजं आहे, त्याला वेगळा आणि झटपट उपाय आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदारांकडे. किंवा विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ६, दिवाणी कोर्टात. दोन्हींना मुदत सहा महिन्यांची आहे. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कुंपण हाताने तोडू नका, नाहीतर दांडगाई तुमची ठरेल आणि पोलिसांत पहिली तक्रार त्याची जाईल. उपऱ्याला बाहेर काढायचा दावा एक सहहिस्सेदारही सर्वांच्या वतीने लावू शकतो, त्यामुळे बडोदा-नाशिकच्या सह्यांसाठी अडून राहू नका. कुलमुखत्यारपत्र असलं तर उत्तमच.

निवृत्त तलाठी :
वकीलसाहेब बरोबर सांगतात, पण आपल्या ठाणे जिल्ह्यात प्रतिकूल कब्जापेक्षा 'कूळ', म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा, हा शब्द जास्त भारी पडतो. कूळकायद्याच्या कलम ४ मध्ये, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा हा मानीव (कायद्याने मानलेलं) कूळ ठरू शकतो. खंड पैशातच असावा लागतो असं नाही, धान्यातही चालतो. त्यामुळे 'वरीचे तांदूळ यायचे' हे वाक्य नोटिशीत अर्धवट लिहू नका. फराळ तुमच्याकडूनही जायचा, वाटा कधी ठरला नव्हता, हे सगळं खरं तसं आणि पूर्ण लिहा. कूळ आहे की नाही हे तहसीलदार ठरवतात. दिवाणी कोर्टात तो मुद्दा निघाला तरी कोर्ट तेवढा भाग त्यांच्याकडेच पाठवतं. त्यात तुमच्या फायद्याचं एक आहे. मी कूळ आहे म्हणणारा मालक तुम्हीच हे कबूल करतो. मग त्याच तोंडाने प्रतिकूल कब्जा म्हणता येत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही.

कामाचं सांगतो. ऑनलाइन सातबारा आहेच, पण तालुक्याला जाऊन जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढा. पीकपाहणीत त्या घराचं नाव कुठल्या वर्षी, कसं लागलंय का ते बघा. इतर हक्कात '१९७५ चा खाजगी वन कायदा' अशी नोंद आहे का तेही बघा. आपल्याकडे वरकस जमिनींवर ती बऱ्याच ठिकाणी असते आणि असली तर सगळं प्रकरणच वेगळं होतं. मग भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज. शेजाऱ्याला मोजणीची नोटीस जाते, तो आला नाही तरी मोजणी होते. दगड हलवला असला तरी नकाशा हलत नाही. आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, खातेदार स्वतः मोबाइलवरून नोंद करतो. काकांना चढवत नसेल तर चुलतभावाला पाठवा. माळावर नुसतं गवत असेल तर गवताची नोंद करा.

डोंगरवाट :
आधी करंटचं. कृपा करून नको. त्याने डुक्कर मरो, बिबट्या मरो की पहाटे सरपणाला निघालेली बाई, तुरुंगात तुमचा भाऊ जाईल. हे त्याला तोंडावर सांगा.

शिकारीला वन्यजीव कायदा १९७२ लागतो आणि तो खाजगी जमिनीतही तसाच लागतो. त्यात शिकारीच्या व्याख्येत फासकी, सापळा, विष, इतकंच काय नुसता प्रयत्नही येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये (कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत) आहे. त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिबट्या अनुसूची एकमध्ये. तिथे किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. पिकाचं नुकसान झालं म्हणून डुक्कर मारायचं तर त्यालाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारक बंदूकवाल्याला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, आणि गावठी ठासणीची बंदूक असेल तर शस्त्र कायदा वेगळा.

'पिढ्यान्पिढ्यांची वाट' याचं उत्तर : सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, हक्काने वापरलेल्या वाटेचा हक्क मुरतो, हे खरं. पण तो पायवाटेचा. गुन्हा करायचा हक्क कितीही पिढ्यांनी मुरत नाही. कुंपण नाही म्हणून जागा मोकळी असंही नाही. गुन्हा करायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली अपप्रवेश आहे.

हेल्पलाइन १९२६, हॅलो फॉरेस्ट. फासकी दिसली की तिथूनच फोन करा, लोकेशनसह फोटो वनरक्षकाला पाठवा, पंचनामा मागा. बिबट्याची भीती अशानेच जाईल. ज्याने आधीच लेखी कळवलंय त्याच्याकडे कोण कशाला बोट दाखवेल?

धागाकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. करंटचा विषय घरात संपला, काकूंनीच भावाला सुनावलं.

डोंगरवाट, एक अडलं आहे. गार्ड येईपर्यंत फासकी तशीच ठेवायची? त्यांची बीट मोठी, संध्याकाळी कळवलं तर ते सकाळी येणार. रात्रभर ती गाठ तिथे उघडी ठेवून घरी येणं माझ्याच्याने होणार नाही.

आणि निवृत्त तलाठी काका, मोजणीच्या आधी त्या मुलाशी एकदा बसून बोलावं असं वडिलांना वाटतं. पोलीस पाटील आणि दोन जुनी माणसं घेऊन. त्याने केस बिघडेल का?

डोंगरवाट :
ठेवू नका. फोनवर गार्डला सांगा की गाठ सोडतोय. व्हिडिओ सुरू ठेवून, सोबत एक साक्षीदार घेऊन फक्त फास सैल करून झाडाला गुंडाळा. वायर कापून घरी आणू नका, ती पुरावा आहे. आत जनावर असेल तर जवळ जाऊ नका, रेस्क्यूची वाट बघा. अर्धमेलं डुक्करही मांडी फाडतं.

निवृत्त तलाठी :
जरूर बोला, बिघडत काही नाही. मात्र बैठकीत कशावरही सही करू नका, आणि 'इतकी वर्षं तुम्ही वापरताय' असं वाक्य कोणाच्या तोंडून जाऊ देऊ नका. 'आमच्या वडिलांनी तुमच्या वडिलांना करायला दिली होती' असं म्हणा. जुन्या माणसांपैकी कोणाला ते आठवत असेल तर त्यांचा जबाब प्रतिज्ञापत्रावर आत्ताच घ्या, ही माणसं कायम राहणार नाहीत. मूळ तुकडा नाचणीपुरता त्याच्याकडेच राहू द्यायचा असेल तर लेखी करा, पण मजकूर वकिलाकडूनच. कूळकायद्यामुळे तो कागद स्वतः लिहिण्यातला नाही. बोलणं चालू आहे म्हणून सहा महिने जाऊ देऊ नका. मोजणीचा अर्ज बैठकीच्या आधीच टाका.

धागाकर्ती :
अर्ज या आठवड्यातच टाकते. शहापूरला मोजणी आणि मामलेदार कोर्टाची कामं नेहमी करणारे वकील कोणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. फक्त त्यांचं जमीन खरेदीवाल्यांशी काही देणंघेणं नसावं.