आर्वीच्या टिनाखाली थ्रेडरिपर? ड्रोन सर्वेसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा

ड्रोनवाला_आर्वी (मूळ प्रश्न)

ड्रोन सर्वेचं काम करतो. शेतांची मोजणी, नाला खोलीकरण, आणि अलीकडं वणीकडच्या कोळशाच्या ढिगाऱ्यांचं घनफळ. फोटो २० मेगापिक्सेलचे. एका कामाला कधी सहाशे, कधी अडीच हजार. फोटो जोडून नकाशा बनवायचे सॉफ्टवेअर मेटाशेप अन् वेबओडीएम दोन्ही वापरतो. सध्याचं मशीन जुनं, आठ कोरचं (म्हणजे प्रोसेसरात स्वतंत्र काम करणारे आठ भाग), ३२ जीबी रॅमवालं. मोठं काम रात्री लावून झोपलो की सकाळी लाईट जाऊन अर्ध्यावर पडलेलं सापडते.

आता नवं घ्यायचं आहे. नागपूरचा दुकानदार एएमडीचा वर्कस्टेशनवाला मोठा प्रोसेसर थ्रेडरिपर ९९६०एक्स गळ्यात मारून राहिला. माझ्या मनात एएमडीचाच साधा डेस्कटॉपवाला रायझन ९ ९९५०एक्स आहे. भाचा म्हणते इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के घ्या. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, ते सध्या तेच राहील.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे तुटून पडायला सोपं: आपल्या भागात महागडा प्रोसेसर कोर मोजून नाही, वॅट मोजून घेतला पाहिजे. वरती टिनाचं छप्पर, मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश, अन् व्होल्टेज कधी १८० तर कधी काहीच नाही. पुण्या-मुंबईचे लोक ज्या तक्त्यांवरून निवड करतात ते एसीच्या खोलीत काढलेले असतात.

हिंगणघाट_रेंडर

वॅटच पाहाचे असन तं लॅपटॉप घ्या ना बाप्पा! डेस्कटॉप कायले पाहिजे?

मी स्वतः थ्रेडरिपर वापरतो, म्हणून बोलतो. ९९६०एक्सचे २४ कोर सोडा, कोरचा मुद्दाच नाही. मुद्दा आहे चार चॅनेलची रॅम (प्रोसेसर अन् रॅममधले चार रस्ते) अन् ८० पीसीआय-एक्सप्रेस ५.० लेन (कार्डांकडं जाणारे रस्ते). रायझनच्या एएम५ बोर्डावर रॅमचे चॅनेल दोनच. चार पट्ट्या भरल्या की एएमडी स्वतःच रॅमचा वेग ३६०० पर्यंत खाली आणायला सांगते. ग्राफिक्स कार्डं उद्या दोन लावली तर लेन आठ-आठ अशा वाटून जातात. थ्रेडरिपरवर यातली एकही अडचण नाही. तुमचं अडीच हजार फोटोंचं काम आहे ना? मग रॅम हीच खरी गरज आहे, अन् ती रायझनवर भरता भरता नाकी नऊ येतात.

हो, महाग आहे. बाजारात आला तेव्हा ९९६०एक्सची किंमत १४९९ डॉलर होती, ९९५०एक्सची ६४९. बोर्ड अन् त्याला लागणारी रजिस्टर्ड (सर्व्हरवाली) रॅम वेगळी. पण खाणीचा माणूस "उद्या सकाळी आकडा पाहिजे" म्हणतो तेव्हा हा फरक आठवत नाही.

मास्तर_गणित

हिंगणघाटभाऊ, कोरचा मुद्दा सोडा म्हणून कसं चालेल? दुकानदार विकतो तर कोरच.

कोर वाढवून वेग किती वाढेल हे सांगणारा अॅमडालचा नियम १९६७ सालचा आहे, अजून शिळा झालेला नाही. समजा तुमच्या कामातला १० टक्के भाग एकामागून एकच होऊ शकतो, वाटून देता येत नाही. मग १६ कोरवर काम फार तर ६.४ पट वेगानं होईल. ६४ कोर लावले तरी ८.८ पटीच्या आत. चौपट कोर, पण वेग दीडपटही नाही. २४ कोरांवर तर ७.३ पटच. म्हणजे १६ वरून २४ वर गेलात तर वेळ १२ टक्क्यांनी वाचतो, तोही कागदावर. कारण जास्त कोरवाल्याचा एकेका कोरचा वेग बरेचदा कमी असतो.

मेटाशेपमध्ये कोणतं काम कोण करतं हे बघा. फोटो जुळवताना खुणा शोधणं अन् डेप्थ मॅप (प्रत्येक फोटोतलं अंतर) बनवणं हे ग्राफिक्स कार्डाकडं जातं. बंडल अॅडजस्टमेंट (कॅमेऱ्याच्या जागा नेमक्या बसवणं), डीईएम (जमिनीच्या उंचीचा नकाशा), ऑर्थोमोझॅक (सगळे फोटो जोडून एक सपाट नकाशा) हे मुख्यतः प्रोसेसरकडं. म्हणजे अर्धी लढाई तुमच्या जुन्या १२ जीबीच्या कार्डावरच आहे. प्रोसेसरवर दुपटीहून जास्त खर्च करून कार्ड तेच ठेवलं तर काय अर्थ आहे?

रॅमबद्दल मात्र हिंगणघाटचं म्हणणं खरं. ओडीएमच्या (वेबओडीएमच्या आतलं इंजिन) माहितीत ढोबळ हिशेब दिला आहे: ५०० फोटोंना ३२ जीबी, १५०० ला ६४, २५०० ला १२८. तुमच्या ३२ वर अडीच हजार फोटो टाकले तर लाईट नाही गेली तरी काम पडेलच.

एसी_मेकॅनिक_पुलगाव

मले कॉम्प्युटरमधलं फार समजत नाही, पण गरमीचं समजते. तेच सांगतो.

हीटसिंक (प्रोसेसरची गरमी ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) कोणतीही असो, ती खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. रायझनची हद्द ९५ अंश. खोली २५ ची असली तर मधात ७० अंशाची जागा भेटते. खोली ४५ ची झाली की ५० च उरते. म्हणजे जी हीटसिंक थंड खोलीत २०० वॅट खेचून नेते, ती आपल्याकडं १४३ वॅटच नेईल. पाण्याचं रेडिएटर घ्या नाहीतर पंख्याचं, गणित तेच. अन् थ्रेडरिपर ३५० वॅटचा. तो घरात म्हणजे दिवसभर पेटलेली शेगडीच जी.

आता मजा पाहा. ९९५०एक्स नावाले १७० वॅटचा असला तरी भार आला की २०० च्या आसपास खाते. पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याचा १०५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय आहे. तो लावला की प्रत्यक्ष हद्द १४२ वॅटवर येते. टिनाखालचं गणित अन् हा आकडा जवळपास एकच निघाला. व्होल्टेज कमी झालं की वॅट झपाट्यानं पडते, वेग मात्र थोडाच पडते, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गात चढते. म्हणून इको मोडवर लोक खुश राहतात.

हिंगणघाट_रेंडर

मेकॅनिकभाऊ, ४५ च्या खोलीत काम करून कोण राहिलं? कूलर लावला की खोली ३२ वर येते. अन् खाणीचं काम करणारा माणूस एक एसी नाही लावू शकत का?

एसी_मेकॅनिक_पुलगाव

लावू शकते. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या जवळपास घेते, तो चालवाले लाईट पाहिजे. लाईट गेली की मशीन यूपीएसवर, एसी बंद, अन् टिनाखाली पंधरा मिनिटांत भट्टी. कूलरचं म्हणाल तं मे महिन्यात कोरड्या हवेत तो काम करते, पण पाऊस लागला की नुसता दमट वारा फेकते. अन् कूलरचं तोंड कॅबिनेटकडं अजिबात करू नका. आपलं बोअरचं पाणी जड, पांढरा थर बोर्डावर बसते. मी पाहिला आहे.

दारव्ह्याची_एडिटर

मी लग्नाचे व्हिडिओ करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. इथं सगळे रायझन-थ्रेडरिपर करून राहिले, भाच्याचं कोणी ऐकतच नाही.

२८५के मध्ये २४ कोर आहेत, ८ मोठे अन् १६ छोटे. हायपरथ्रेडिंग (एका कोरकडून एका वेळी दोन कामं करून घेणं) काढून टाकलं आहे, म्हणून थ्रेड पण २४ च. पण त्यात क्विक सिंक आहे, म्हणजे व्हिडिओ उघडायचा वेगळा भाग. माझा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची माहिती जास्त ठेवणारा व्हिडिओ) देतो. इंटेलचा बिल्ट-इन ग्राफिक्स ते सहज उघडतो, टाइमलाइन अडकत नाही. एनव्हिडियानं ४:२:२ ची सोय ५० मालिकेच्या कार्डांत, म्हणजे २०२५ मध्ये दिली. जुनं कार्ड ठेवणाऱ्याला रायझनवर हा व्हिडिओ रडत-कढत चालवावा लागतो.

ड्रोनवाले दादा, तुम्ही व्हिडिओचं काम घेता का? घेत असाल तर भाच्याला नाव ठेवू नका. घेत नसाल तर मात्र इंटेलसाठी मी भांडणार नाही. पूर्ण भाराखाली तो २५० वॅटपर्यंत जातो, अन् मेकॅनिकदादांचं गणित त्यालाही लागू.

पुसदचा_जुना_ग्राहक

एक जण १४९००के स्वस्तात विकून राहिला, चांगली डील आहे. तो का नाही?

मास्तर_गणित

कारण वापरलेला आहे. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीत व्होल्टेज जास्त चढून चिप झिजण्याची गोष्ट २०२४ मध्ये उघड झाली. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (बायोसमधून चिपला मिळणाऱ्या सूचनांची) दुरुस्ती आली, कंपनीनं वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. पण झिजलेली चिप नव्या बायोसनं बरी होत नाही. आधीच्या मालकानं बायोस कधी बदलला हे त्या जाहिरातीत लिहिलं आहे का?

नागपूर_क्लाऊड

सगळेच जुन्या जमान्यात. मशीन भाड्यानं घ्या, तासाचे पैसे द्या. उन्हाळा, लाईट, धूळ सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर.

ड्रोनवाला_आर्वी

क्लाऊडवाले, अडीच हजार फोटो म्हणजे माझ्याकडं २०-२५ जीबी. अपलोड १० एमबीपीएस धरलं तरी २० जीबीला साडेचार तास, अन् तेही लाईन मधात तुटली नाही तर. शिवाय खाणीचे फोटो बाहेर पाठवायचे नाहीत, हे करारातच लिहिलं आहे. शेताच्या छोट्या कामाला वापरता येईल, तिथं तुमचं मान्य.

ताई, व्हिडिओ घेत नाही. लग्नात ड्रोन उडवायला बोलावतात, पण मी जात नाही, मागं लहान पोरं धावतात.

मास्तर, कार्डाचा मुद्दा पटला. मी टास्क मॅनेजर लावून पाहिलं: डेप्थ मॅपच्या वेळी प्रोसेसर आरामात बसतो, ऑर्थोमोझॅकच्या वेळी पूर्ण भरतो, अन् रॅम संपली की दोन्ही बसतात. म्हणून ९९५०एक्स इको मोडवर, ६४ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे १२८ जीबी, अन् थ्रेडरिपरमधून वाचलेल्या पैशातून कार्ड. दोनच पट्ट्या, म्हणजे ३६०० ची अडचण नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून आकाशाला भिडले आहेत, हे मात्र माझ्या हातात नाही.

हिंगणघाट_रेंडर

उद्या पाच हजार फोटोंचं काम आलं की १२८ वर काय कराल? ओडीएमच्याच हिशेबानं २५६ लागते.

मास्तर_गणित

ओडीएममध्ये काम तुकड्यांत करून जोडायची सोय आहे. थोडा वेळ जास्त जाईल, पण मशीन नाही बदलावं लागणार.

एसी_मेकॅनिक_पुलगाव

यूपीएस मात्र शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातला चौकोनी लाटेचा यूपीएस अन् चांगला पॉवर सप्लाय यांचं जमत नाही, लाईट जाताच मशीन बसते. ६०० व्हीएचा तर विसराच, कार्ड अन् प्रोसेसर मिळून त्याच्या वर जातात. पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा पाहा, म्हणजे १८० वर तोंड वाकडं करणार नाही. अन् जिनिंगजवळ राहत असाल तं पुढच्या जाळीले कापसाच्या तंतूंचा थर बसते. जाळी हंगामात दर आठवड्याले झटका.

ड्रोनवाला_आर्वी

मेटाशेपच्या बॅचमध्ये दर टप्प्यानंतर प्रोजेक्ट सेव्ह करायची खूण असते, ती मी आतापर्यंत लावतच नव्हतो. वेबओडीएममध्येही मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येते. म्हणजे लाईटचा अर्धा प्रश्न प्रोसेसरशिवायच सुटला.

हिंगणघाट_रेंडर

ठीक आहे, पण मी हार मानून नाही राहिलो. तुमचा एखादा जुना अडीच हजार फोटोंचा शेताचा डेटा हार्ड डिस्कवर घेऊन या. माझ्या थ्रेडरिपरवर लावू, एसी बंद करून, भर दुपारी दोन वाजता. वॅटमीटर मी आणतो. नंतर तुमच्या ९९५०एक्सवर तेच काम, तीच दुपार. मेकॅनिकभाऊले पंच म्हणून बोलवा, गरमी कितीची आहे ते तेच सांगतील.

एसी_मेकॅनिक_पुलगाव

येतो. थर्मामीटर माझा, दोघांच्या खोलीत एकच लावीन. पण चहा हिंगणघाटकडून.

दारव्ह्याची_एडिटर

अन् इंटेल कोणी आणणार की नाही?