अनुदान पानांच्या संख्येवर द्यावे की नोंदींच्या कामावर?

जुनेपान
हस्तलिखितांवरच्या मागच्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले होते की, डिजिटायझेशनला अनुदान देणाऱ्याने किती पाने स्कॅन झाली एवढेच पाहावे, सूची पुढे यंत्र करील. ते वाचून स्वस्थ बसवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी २६ वर्षे एका संग्रहालयाच्या अभिलेख विभागात सूचीचे काम केले. तेथे अनुदानातून जुन्या पत्रव्यवहाराची बाडे स्कॅन झाली. उद्दिष्ट पत्रांच्या संख्येचे होते, त्यामुळे वेळ वाचवण्यासाठी पत्रांच्या ‘कोऱ्या’ मागच्या बाजू गाळण्यात आल्या. पत्र हाती आल्याची तारीख त्याच बाजूला, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने लिहिलेली असे आणि पुष्कळ पत्रांवर तारीख म्हणून तेवढीच होती. फाइलींना नावे नव्हती, नुसते अनुक्रमांक होते. कोणता क्रमांक कोणत्या बाडातला याची नोंद एका कंत्राटी सहकाऱ्याच्या वहीत होती. अनुदान संपले, ते गेले आणि वहीचाही पत्ता लागला नाही. आज त्या हजारो प्रतिमा आहेत, पण त्यांतून हवे ते पत्र शोधता येत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. अनुदानातली निम्मी रक्कम सूची, तपासणी आणि पुढची देखभाल यांसाठी राखून ठेवल्याशिवाय एकही पान स्कॅनरखाली जाऊ नये.

घाईचाप्रवासी
ते वाक्य माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरोमधील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तेथील सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेक नष्ट झाल्या. ज्या कागदाची किंवा ध्वनिफितीची प्रत जगात कोठेच नव्हती, तिची सूची कितीही काटेकोर असली तरी आता काय उपयोग?

माझ्या वडिलांनी जमवलेल्या फिल्मच्या डब्यांतून व्हिनेगरसारखा उग्र वास येऊ लागला, तेव्हा मी एका संस्थेकडे गेलो होतो. ‘आधी यादी करून आणा,’ असे सांगण्यात आले. यादी होईपर्यंत दोन डब्यांतली फिल्म आकसून चिकटून बसली. आता सांगा, आधी काय करायला हवे होते? शिवाय हस्ताक्षर वाचणारी ट्रान्स्क्रिबससारखी साधने आज उपलब्ध आहेत.

जुनेपान
फिल्मचे वाचून वाईट वाटले. पण यंत्र छायाचित्रात जे आहे तेच वाचील. जी बाजू टिपलीच नाही, ती ते कोठून वाचणार?

तिसरामजला
दोघेही पहिल्या वर्षाचाच विचार करत आहात. १९८६ मध्ये बीबीसीने ‘डोम्सडे’ प्रकल्पात लोकांकडून माहिती आणि छायाचित्रे जमवून ती लेसर डिस्कवर साठवली. पंधराएक वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. ज्यावरून प्रकल्पाचे नाव घेतले, ते इंग्लंडमधील जमीनजुमल्याच्या नोंदींचे १०८६ चे ‘डोम्सडे बुक’ हे मूळ हस्तलिखित मात्र आजही वाचता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तेथील अनेक ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद राहिल्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही स्थिती, तर दोन वर्षांच्या अनुदानावर उभा राहिलेला सर्व्हर तिसऱ्या वर्षी कोण सांभाळणार?

वाचनकक्ष
सर्व्हरच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या: सार्वजनिक पैशातून स्कॅन केलेल्या प्रतिमेवर वॉटरमार्क का असतो? मला प्रबंधासाठी ११ चित्रे हवी होती. शतकापूर्वीचा कागद, चित्रकार कधीच दिवंगत, स्कॅनिंग अनुदानातून झालेले. तरीही प्रत्येक चित्रामागे शुल्क मागण्यात आले. मी सात चित्रे गाळून प्रबंध सादर केला. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून उत्तम दर्जाच्या प्रतिमा मोफत खुल्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा कोणत्याही वापरासाठी मुक्त केल्या. अनुदानाची पहिली अट हीच असायला हवी.

छोटेदालन
आपण दिलेली दोन्ही नावे जगातल्या बलाढ्य संस्थांची आहेत. मी ज्या लहान संग्रहालयात आहे, तेथे हार्ड डिस्क बदलण्याचा खर्च याच शुल्कातून निघतो, कारण अनुदान देणारा स्कॅनर घेऊन देतो, पण पाच वर्षांनंतरच्या साठवणुकीचे नावही काढत नाही. शुल्क काढून टाका म्हणणाऱ्याने तो खर्च कोण करणार हेही सांगावे.

वाचनकक्ष
तो खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारणे हे उत्तर नव्हे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने तर स्पष्टच केले आहे की, ज्या दृश्य कलाकृतीचा स्वामित्वहक्क संपला आहे, तिच्या हुबेहूब प्रतीवर नवा हक्क निर्माण होत नाही. जो हक्कच नाही, त्याचे पैसे घेणे मला अन्यायाचे वाटते.

छोटेदालन
अन्याय हा शब्द मला लागला. पावसात छत गळू लागले तेव्हा आम्ही चौघांनी रात्रभर पेट्या हलवल्या होत्या. आमच्यावर नफेखोरीचा आरोप करण्याआधी आपण एकदा आमचा जमाखर्च पाहावा.

वाचनकक्ष
नफेखोरी हा शब्द मी वापरलेला नाही. आपल्या कष्टांबद्दल शंका नाही. आक्षेप शुल्कावर होता आणि तो कायम आहे. अभ्यासासाठी मोफत आणि व्यापारी वापरासाठी शुल्क, एवढे मी नाइलाजाने मान्य करीन.

घाईचाप्रवासी
मूळ मुद्द्याकडे येतो. मागच्या बाजूच्या तारखांचे उदाहरण मला खोडता येत नाही. दोन्ही बाजू टिपाव्यात आणि फाइलीच्या नावात दाखल क्रमांक असावा, एवढी अट मला मान्य आहे. निम्म्या रकमेची अट मात्र मान्य नाही.

जुनेपान
विरत चाललेल्या फिल्म आणि फिती सूचीसाठी थांबवू नयेत, हे मीही मान्य करतो, जरी ते लिहिताना हात अडतो. पण कागदाच्या बाबतीत मी निम्म्यावरून खाली येणार नाही. छोटेदालन यांनी सांगितलेला हार्ड डिस्कचा खर्चही त्याच निम्म्यात धरावा.